७५ हजार पारड्यांचा तराजू
- प्रतिनिधी

किराणा दुकानातील तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो. आपण तो सहसा पाहत नाही. पण तो नसेल, तर काट्याने दाखविलेल्या किलोला काही अर्थ उरत नाही. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरील 'सर्न' प्रयोगशाळेत अशाच एका तराजूची तपासणी वर्षानुवर्षे चालू आहे. फरक इतकाच, की या तराजूला ७५,८४८ पारडी आहेत आणि वापरता वापरता त्यातले प्रत्येक पारडे थोडे थोडे बिघडत जाते.

हा तराजू म्हणजे 'सीएमएस' प्रयोगातील विद्युतचुंबकीय कॅलरीमीटर. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, यांची ऊर्जा मोजणे हे त्याचे काम. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली, तिच्यात या यंत्राचा वाटा मोठा होता. हिग्ज कण जन्मताच विघटित होतो आणि हजारांत साधारण दोनदा त्याचे दोन फोटॉन होतात. त्यांची ऊर्जा व त्यांच्यामधील कोन यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. अडचण अशी, की प्रोटॉनांच्या टकरींतून इतर मार्गांनीही फोटॉनांच्या जोड्या निघतात आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. हिग्जच्या जोड्या तेवढ्या १२५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (जीईव्ही) आसपास एकवटतात. (प्रोटॉनचे वस्तुमान या एककात एकाहून किंचित कमी भरते.) आलेखावर तिथे लहानसा उंचवटा दिसतो. तराजूची पारडी एकमेकांशी जुळत नसतील, तर हा उंचवटा पसरून सपाट होतो. म्हणजे कण असतो, पण दिसत नाही.

यातील प्रत्येक पारडे म्हणजे लेड टंगस्टेटचा एक स्फटिक. दिसायला काचेसारखा पारदर्शक, पण पोलादाहून जड. मधल्या नळकांड्यातील स्फटिक २३ सेंटिमीटर लांब व सुमारे दीड किलो वजनाचा असतो. फोटॉन आत शिरला, की कणांची सर उसळते, स्फटिक क्षणभर उजळतो आणि मागे बसविलेला संवेदक तो उजेड मोजतो. अमुक उजेड म्हणजे अमुक ऊर्जा, हे ठरविण्याच्या कामाला प्रमाणीकरण किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. मात्र कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. शिवाय तापमान एका अंशाने वाढले, तर संकेत सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. म्हणून पाणी खेळवून यंत्र १८ अंशांवर ठेवले गेले आणि त्यात अंशाच्या विसाव्या भागाइतकाही फरक पडू नये, अशी व्यवस्था केली गेली.

त्याहून कठीण दुखणे किरणोत्साराचे. टकरी सुरू असताना स्फटिक काळवंडतात आणि टकरी थांबल्या, की काही अंशी पुन्हा निवळतात. मधल्या भागात ही घट सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते. दोन्ही टोकांना, प्रोटॉनांच्या नळीलगत ती ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे. आज सकाळी बरोबर असलेला तराजू सायंकाळी चुकीचा ठरतो, तो असा. त्यावर उपाय लेसरचा. प्रोटॉनांच्या रांगेत मुद्दाम सुमारे ३ मायक्रोसेकंदांची रिकामी फट ठेवलेली असते. तेवढ्या सवडीत निळ्या लेसरचा झोत तंतूंवाटे स्फटिकांत सोडतात. जवळपास दर ४० मिनिटांनी सर्व स्फटिकांची एक फेरी पूर्ण होते आणि कोण किती काळवंडला, ते कळते.

लेसर बदल सांगतो. मूळ माप मात्र सांगत नाही. आता एवढी सूक्ष्म 'वजने' आणायची कोठून? यंत्र जोडण्यापूर्वी नळकांड्याच्या ३६ भागांपैकी ९ भाग २००६ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली तपासले गेले होते. उरलेल्यांसाठी आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर भागवावे लागले. खरी वजने टकरींतूनच मिळतात. विद्युतभाररहित पायॉन दोन फोटॉनांत फुटतो आणि त्याचे वस्तुमान ०.१३५ जीईव्ही असते, हे पक्के ठाऊक आहे. एखाद्या स्फटिकातील जोड्या सातत्याने कमी वस्तुमान दाखवीत असतील, तर त्याचा गुणक वाढवायचा. पण जोडीतला दुसरा फोटॉन दुसऱ्याच स्फटिकात असतो, त्याचेही माप चुकलेले असू शकते. त्यामुळे हाच हिशेब पुन:पुन्हा, गुणक स्थिर होईपर्यंत करावा लागतो.

दुसरी युक्ती तर अगदी घरगुती वाटावी अशी आहे. नळकांड्यात ३६० स्फटिकांचे एक, अशी १७० कडी आहेत. टकरींतून निघणाऱ्या कणांना डावे-उजवे काही नसते; तेव्हा एका कड्यातील सर्व स्फटिकांत सरासरी सारखीच ऊर्जा पडायला हवी. गच्चीवर मांडलेल्या बादल्यांपैकी एकीतच पाणी कमी साचले, तर दोष पावसाचा नसतो! अर्थात, कड्यापुढे येणारे संवेदक आणि तारा सगळीकडे सारख्या नसल्याने ही युक्ती एकटी पुरत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन किती वळला, यावरून त्याचा संवेग काढून तो कॅलरीमीटरच्या आकड्याशी ताडून पाहतात.

अखेरचा शिक्का 'झेड' कणाचा. त्याचे वस्तुमान, ९१.१९ जीईव्ही, पूर्वीच्या 'लेप' या यंत्राने १९८९ ते २००० या काळात लाखात दोन भागांच्या अचूकतेने मोजले होते. 'लेप' याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात होते. जुन्या यंत्राने घडविलेले वजन नव्या तराजूच्या कामी आले, असा हा योग आहे.

या प्रयोगात भारतीय हातही आहेत. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था प्रारंभापासून 'सीएमएस'मध्ये आहे, तर कॅलरीमीटरच्या टोकांपुढील 'प्रीशॉवर' शोधकासाठी सिलिकॉनचे संवेदक भारतातून गेले.

सारे जुळविल्यावर 'सीएमएस'ने २०२० मध्ये हिग्जचे वस्तुमान १२५.३८ जीईव्ही असे प्रसिद्ध केले. त्यातील अनिश्चितता होती अवघी ०.१४. पुढील टप्प्यात टकरींचे प्रमाण कित्येक पटींनी वाढणार आहे. टोकांचे काळवंडलेले स्फटिक त्यासाठी काढून तिथे वेगळ्या रचनेचा, सिलिकॉनचा कॅलरीमीटर बसविण्याची योजना आहे. मधले ६१,२०० स्फटिक मात्र तेच राहतील. त्यांना १८ ऐवजी ९ अंशांवर ठेवले जाईल आणि त्या तापमानाला प्रत्येकाचे माप नव्याने ठरवावे लागेल.