शिरोरेघेखाली: मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे हस्ताक्षर

मेंदूतील गाठ काढल्यानंतर रुग्ण बोलू लागला, चालू लागला आणि आपल्या माणसांना ओळखू लागला, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र बँकेच्या स्लिपवर सही करण्याची किंवा वाणसामानाची यादी लिहिण्याची वेळ येते, तेव्हा हात पूर्वीसारखा चालत नाही हे अनेकदा प्रथमच ध्यानात येते. घरात याला 'अक्षर बिघडले' असे म्हटले जाते आणि शुद्धलेखनाच्या वह्या आणून हातात दिल्या जातात. परंतु लेखन ही एकसंध क्रिया नाही. शब्द आठवणे, त्याची अक्षरे क्रमाने मनात धरणे, प्रत्येक अक्षराचा आकार बोटांच्या हालचालीत उतरवणे आणि कागदावरील जागेचा अंदाज राखणे ही सारी कामे मेंदूचे निरनिराळे भाग करतात. त्यांपैकी नेमके कोणते काम अडले आहे हे पाहिल्याशिवाय गिरवलेली पाने बव्हंशी वाया जातात.

या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. व्हिएन्नातील सिग्मंड एक्सनर यांनी १८८१ मध्ये डाव्या ललाट खंडात, म्हणजे कपाळामागील भागात, लेखनाचे केंद्र असल्याचे मांडले आणि त्यावर दीर्घकाळ वाद झाला. फ्रान्समधील तुलूझ येथे फ्रांक-एमॅन्युएल रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागृत शस्त्रक्रियेत, म्हणजे कवटी उघडलेली असताना रुग्णाला शुद्धीवर ठेवून, याच भागाला सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा काही रुग्णांचे लिहिणे मध्येच थांबत असल्याचे दिसले. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

गाठ कोठे होती यावर अडचणीचे रूप ठरते. हाताची हालचाल घडवणाऱ्या पट्ट्याजवळ शस्त्रक्रिया झाली असेल, तर बोटांत जोर राहत नाही. त्याच्या पुढील 'पूरक चालक क्षेत्रा'त, म्हणजे हालचालीची सुरुवात करून देणाऱ्या भागात, ती झाली असेल, तर हात काही काळ जणू हुकूमच मानत नाही. ही अवस्था बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत निवळते आणि हे कुटुंबाला आधी सांगितलेले असले तर मोठी धास्ती टळते. अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागील बाजूचा लहान मेंदू, दुखावला असता जोर शाबूत राहतो, पण अंतराचा अंदाज चुकतो. हात लक्ष्याजवळ पोहोचताना थरथरतो आणि अक्षरे मोठी व वेडीवाकडी होतात. मोठ्या मेंदूचा डावा भाग उजव्या हाताला चालवतो. लहान मेंदूत मात्र उजवी बाजू उजव्याच हाताशी जोडलेली असते, त्यामुळे 'गाठ उजवीकडे होती, मग उजवा हात कसा बिघडला' या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. डाव्या पार्श्विक खंडाच्या, म्हणजे कानाच्या वरच्या-मागच्या भागाच्या, इजेत लिहिता न येणे, हिशोब न जमणे, बोटे न ओळखणे आणि डावे-उजवे न कळणे ही चार लक्षणे एकत्र दिसू शकतात; योसेफ गेर्स्टमान यांच्या नावाने तो लक्षणसमूह ओळखला जातो.

देवनागरीत हे सारे दोष आणखी बारकाईने उमटतात, आणि अभ्यासकाने खरे रेंगाळावे ते येथेच. 'मूर्ती' हा शब्द घ्यावा. त्यातील 'र' उच्चारात 'त'च्या आधी येतो, पण कागदावर तो रफार होऊन 'ती'च्या माथ्यावर बसतो, म्हणजे हाताला एक ध्वनी मागे ठेवून पुढील अक्षर पूर्ण करावे लागते आणि मग परत येऊन तो फेडावा लागतो. 'किती'मधील पहिली वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते, तरी ती व्यंजनाच्या डावीकडे लागते, म्हणून तिच्यासाठी आधीच जागा राखावी लागते. क्रम मनात धरण्याची शक्ती दुबळी झालेल्या व्यक्तीची कसोटी अशा ठिकाणी लागते. उजव्या मेंदूच्या इजेत एखादा फराटा दोनदा मारला जातो, हे रोमन लिपीतील लेखनात वारंवार नोंदले गेले आहे. देवनागरीत तसा एक जादा काना पडला तरी 'कर'चा 'कार' होतो, आणि वाचणाऱ्याला ती शुद्धलेखनाची चूक वाटते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यातील भेद तर एका गाठीचा किंवा एका तिरक्या रेघेचा असतो.

शिरोरेघेचे प्रकरण स्वतंत्र आहे. शब्द संपल्यावर लेखणी उचलून पुन्हा डावीकडे न्यायची, पहिल्या अक्षराचा माथा हेरायचा आणि सरळ रेघ ओढून नेमक्या जागी थांबायचे, ही हालचाल लहान मेंदूच्या रुग्णाला विशेष जड जाते, कारण थांबणे हीच त्याची अडचण असते. डाव्या बाजूकडे लक्षच न जाणाऱ्या रुग्णाची शिरोरेघ शब्दाच्या मध्यापासून सुरू होऊ शकते. व्यायामासाठी इंग्रजी अक्षरांचे छापील कागद देण्याची सवय म्हणूनच अपुरी वाटते. ज्याने जन्मभर मराठीत पत्रे लिहिली, त्याचा हात मराठीतच तपासला पाहिजे.

या संदर्भात रशियन मेंदूशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी वर्णिलेल्या झासेत्स्की या सैनिकाची हकिगत पुनःपुन्हा आठवण्याजोगी आहे. त्याला गाठ नव्हती. १९४३ मध्ये युद्धात गोळी लागून त्याच्या डाव्या मेंदूचा मागचा भाग फुटला होता. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो जागीच अडत असे. अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता, सबंध शब्द एका दमात लिहून टाकण्यास त्याला सांगितले गेले, आणि शब्द कागदावर उतरला. आपण लिहिलेले वाचणे त्याला पुढेही अतिशय कष्टाचे राहिले, तरी सुमारे पंचवीस वर्षे खपून त्याने जवळजवळ ३,००० पाने लिहिली. अक्षरांचे ज्ञान नाहीसे झाले तरी वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात मुरलेला शब्दाचा ओघ टिकू शकतो, हे यातून दिसते.

हे वाचताना मराठी वाचकाला मोडी लिपी आठवल्यावाचून राहत नाही. मोडीत शिरोरेघ आधी ओढली जाई आणि अक्षरे तिच्याखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलत, लिहिली जात. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेदही व्यवहारात पाळला जात नसे. रुग्णाला मोडी शिकवावी असे येथे सुचवायचे नाही, पण तिची रीत उचलण्यासारखी आहे: वहीतील छापील रेघेलाच शिरोरेघ मानावे आणि अक्षरे तिच्यावर बसवण्याऐवजी तिच्याखाली टांगावीत. अंतराचा अंदाज चुकणाऱ्या हाताचे एक कठीण काम त्यामुळे वाचते.

प्रत्यक्ष सरावाची जबाबदारी व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, असते. दैनंदिन कामांतूनच हात आणि मेंदू यांना पुन्हा वळण लावणारे हे शास्त्र भारतात रुजवण्याचे श्रेय कमला निंबकर यांचे. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. त्यांचे नाव मराठी घरांत याहून अधिक घेतले जायला हवे.

सरावाची बैठक साधी असते. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, कोपर टेबलावर पूर्ण टेकलेले, कागद चिकटपट्टीने थोडा तिरपा बसवलेला आणि पेनाभोवती स्पंजची किंवा रबराची जाड नळी. थरथर असेल तर काहींना जड पेन मानवते, काहींना मनगटावर बांधलेले थोडे वजन. पकड दुबळी असेल तर हेच वजन हाताला थकवते, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याने उचलू नये. ठसठशीत दुरेघी वही, आधी उभ्या-आडव्या रेघा आणि गोल, मग रोज लागणारे शब्द, असा क्रम ठेवता येतो. दहा मिनिटांनी अक्षर ढासळू लागले की थांबावे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतरचा थकवा हा आळस नव्हे, आणि त्याच्याशी झुंजून अक्षर सुधारत नाही.

प्रत्येक थरथरीचे मूळ शस्त्रक्रियेतच असते असेही नाही. झटके येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटने हात कापू शकतात आणि व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाने बोटे बधिर होऊ शकतात. तरी ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. एकच वाक्य दर आठवड्याला तारीख घालून लिहून ठेवावे. सुधारत असलेले अक्षर अचानक बिघडले, तर ते वाक्य लिहिलेली पाने घेऊन शल्यविशारदांना गाठावे, कारण सूज, झटका किंवा गाठ पुन्हा वाढणे यांची ती खूण असू शकते.

परीक्षार्थींसाठी एक बदल फार महत्त्वाचा झाला आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्के अपंगत्वाची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या; सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ त्यांनुसार मागता येऊ लागला.

सहीचा प्रश्न मात्र घरोघरी येतो. सही इतकी सरावाची असते, की इतर लेखन गेले तरी ती पुष्कळदा टिकते; ती बदललीच असेल, तर बँकेत नवा नमुना वेळीच द्यावा, आणि तीही जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आजारी खातेदाराला अंगठा उठवून पैसे काढता येतात. त्या अंगठ्याची ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.