स्वमग्न तरुणांना स्वयंपाक शिकविताना : ‘अंदाज’ या शब्दाची अडचण

प्रस्तावना

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते अकरा मुलांच्या नोंदींवर आधारलेले होते. त्यानंतर दीर्घकाळ स्वमग्नता हा बालपणाचाच विषय मानला गेला. ही मुले मोठी होतात, ही साधी गोष्ट शिक्षणव्यवस्थेने फार उशिरा लक्षात घेतली. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस दिव्यांगत्वांच्या सूचीत स्वमग्नतेचा समावेश केला. याच अधिनियमाने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क मात्र वयाच्या अठराव्या वर्षी संपतो. पुढचा प्रश्न पालकांच्या पदरी उरतो, आणि तो अत्यंत व्यावहारिक असतो : आपल्या पश्चात याच्या पानात अन्न कोण वाढणार? स्वयंपाक-कौशल्याच्या अध्यापनाचा विचार या प्रश्नाच्या संदर्भात करावयास हवा.

पाककृतीची भाषा

स्वमग्न तरुणांना स्वयंपाक जमत नाही, असे म्हटले जाते तेव्हा अडचण पुष्कळदा हातांत नसून सूचनेत असते. ‘चवीपुरते मीठ’, ‘बेताचे पाणी’, ‘तेल चांगले तापू द्यावे’, ‘जरा परतावे’ ही मराठी स्वयंपाकघराची रोजची भाषा होय. ऐकणाऱ्याने वर्षानुवर्षे कोणाच्या तरी शेजारी उभे राहून पाहिलेले आहे, असे ती गृहीत धरते. अनेक स्वमग्न व्यक्ती शब्दांचा अर्थ शब्दशः घेतात. न सांगितलेला भाग संदर्भावरून भरून काढणे त्यांना कठीण जाते. उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार त्यांचे लक्ष समग्र अर्थापेक्षा तपशिलाकडे अधिक वळते. हीच प्रवृत्ती माप ठरलेले असेल तेथे उपयोगी पडते. सूचना नेमकी असेल तर असा अध्ययनार्थी ती इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळू शकतो.

म्हणून अध्यापकाचे पहिले काम ‘अंदाजा’चे दृश्य किंवा मोजण्याजोग्या खुणेत रूपांतर करणे हे आहे. कांदेपोह्यांचे उदाहरण घेता येईल. ‘तेल तापले की’ याऐवजी ‘मोहरीचे दोन दाणे टाकावेत, ते लगेच तडतडले तर उरलेली मोहरी घालावी’ असे सांगता येते. ‘कांदा परतावा’ याऐवजी हव्या त्या रंगाच्या कांद्याचे छायाचित्र ओट्याजवळ लावता येते. पोहे निथळण्यासाठी दहा मिनिटांचा गजर पुरतो. मिठाचे प्रमाण त्या घराच्या चवीनुसार एकदा मोजून तेवढ्याच मापाचा चमचा मिठाच्या डब्यात कायमचा ठेवावा. यात विशेष साधनसामग्री काहीच लागत नाही. घरच्या सुगरणीने आपला हात थांबवून प्रत्येक वेळी मोजण्याचे कष्ट घेणे, एवढीच काय ती कठीण बाब.

क्रम आणि संकेत

कृतीचे लहान टप्प्यांत विश्लेषण केल्यावर ते टप्पे पहिल्यापासून शेवटाकडे किंवा शेवटापासून पहिल्याकडे शिकविता येतात. दुसऱ्या पद्धतीत अध्यापक बहुतेक काम करून ठेवतो आणि अध्ययनार्थी प्रथम फक्त कोथिंबीर पसरून बशी भरतो. नंतर झाकण काढणे, त्याआधी वाफ आणणे, असा तो मागे मागे जातो. प्रत्येक पाठ खाण्याने संपत असल्याने प्रबलन वेगळे शोधावे लागत नाही. अर्थात तो पदार्थ त्याच्या आवडीचा असावा. न आवडणारे पदार्थ खाऊ घालण्याची युक्ती म्हणून स्वयंपाकवर्गाचा वापर करणे सर्वथा गैर होय.

संकेतांबाबत अधिक सावधगिरी हवी. ‘आता हळद घाल’, ‘आता हलव’ असे शेजारी उभे राहून सांगत गेल्यास पोहे उत्तम होतात आणि अध्ययनार्थी काहीच शिकत नाही. तो पुढच्या सूचनेची वाट पाहण्यास शिकतो. चित्रपट्टी किंवा भ्रमणध्वनीवरील टप्प्याटप्प्याचे चित्रीकरण यांचा लाभ असा की संकेत त्याच्या स्वतःच्या हाती राहतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या टीच कार्यक्रमाने अशा दृश्य रचनेवर भर दिला. चित्रे मात्र प्रौढाला शोभणारी असावीत. पंचवीस वर्षांच्या तरुणापुढे हसणाऱ्या टोमॅटोचे चित्र ठेवणे त्याच्या वयाचा अवमान करणारे आहे.

शेगडी, आवाज, वास

कुकरची शिटी, फोडणीचा ठसका, ओल्या कणकेचा स्पर्श यांपैकी एखादी संवेदना काहींना असह्य होते. उलट काहींना चटका उशिरा जाणवतो. शिटीऐवजी विद्युत भातपात्र वापरणे ही पळवाट नसून योग्य अनुकूलन आहे. इंडक्शन शेगडीवर ज्योत नसते, भांडे उचलताच तापणे थांबते. परंतु तापलेल्या भांड्याने तिची काच गरम राहते, हे स्वतंत्रपणे शिकवावे लागते. गॅसच्या शेगडीत आणखी एक गोम आहे. बहुतेक भारतीय शेगड्यांची खुंटी फिरविताच आधी मोठी ज्योत येते आणि अधिक फिरविल्यावर ती मंद होते. ‘जास्त फिरविले म्हणजे जास्त’ हा तर्क येथे उलटा पडतो. खुंटीभोवती रंगीत खुणा केल्यास हा घोळ टळतो. गॅसचा वास आल्यास कोणतेही विजेचे बटण न दाबणे, रेग्युलेटर बंद करणे, दारे-खिडक्या उघडणे व १९०६ या क्रमांकावर कळविणे हा क्रम पदार्थांच्या आधी आणि वारंवार सरावाने पक्का व्हावा.

अध्ययनाचे संक्रमण

महाविद्यालयांतील गृहविज्ञान विभागांकडे सुसज्ज पाकप्रयोगशाळा असतात व असे वर्ग तेथे सहज घेता येतात. परंतु तेथे आलेले कौशल्य घरच्या ओट्यावर आपोआप येईल, ही अपेक्षा स्वमग्नतेच्या बाबतीत सहसा फोल ठरते. शेगडी वेगळी, डबे वेगळे, उजेड वेगळा. त्यामुळे काही पाठ घरीच घेणे, निदान घरचीच भांडी वर्गात आणणे अपरिहार्य आहे. घरात दुसराही अडथळा असतो : ‘थांब, मीच करते’ म्हणणारा मायेचा हात. मुलगा असल्यास तर त्याला ओट्यापाशी येऊच दिलेले नसते.

कोथिंबीर संपली, वीज गेली, अशा प्रसंगी शिकलेली साखळी तुटते आणि अध्ययनार्थी जागीच थांबतो. त्यासाठी ‘नसेल तर’ अशी वेगळी पत्रे तयार करून मुद्दाम एखादी वस्तू कमी ठेवून सराव घ्यावा.

मूल्यमापनात पदार्थाच्या चवीला गुण देऊ नयेत. वीस टप्प्यांपैकी बारा टप्पे कोणीही न सांगता झाले, तर स्वावलंबन ६० टक्के, अशी नोंद पुरे. तीच नोंद घरी, अध्यापकाच्या अनुपस्थितीत, महिन्याने पुन्हा घ्यावी आणि आई त्या वेळी शेजारच्या खोलीत असावी.