पुढचा उपचार ठरवताना वडिलांनाही विचारा

गडहिंग्लजमधल्या एखाद्या घरात वडिलांचा पीएसए पुन्हा वाढल्याचा रिपोर्ट येतो. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेला, इंजेक्शने दोन वर्षे चाललेली. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, "टाटाला नेऊ." मुलगी म्हणते, "आणखी किती दमवायचं त्यांना?" वडील सोप्यात बसून सगळे ऐकत असतात. त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

या कर्करोगाची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसते. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणून वृषण काढून किंवा ठरावीक अंतराने इंजेक्शन देऊन हे संप्रेरक रोखतात. बहुतेकांना सुरुवातीला चांगला गुण येतो. पण पुढे पेशी कमी संप्रेरकावरही वाढायला शिकतात.

त्यानंतरही मार्ग असतात. अ‍ॅबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइडच्या गोळ्या आयुष्य वाढवतात. डोसीटॅक्सेल या केमोथेरपीने जुन्या केमोच्या तुलनेत आयुष्य साधारण अडीच महिन्यांनी वाढल्याचे २००४ च्या अभ्यासात दिसले. वेदनाही अधिक जणांच्या कमी झाल्या. हा आकडा गटाचा आहे. कुणाला जास्त लाभ होतो, कुणाला काहीच नाही. या टप्प्यावर आजार समूळ बरा होत नाही, हे मात्र स्पष्ट समजून घ्यावे.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे: या उपचाराने काय साधेल? वेदना कमी होतील की फक्त रिपोर्ट सुधारेल? त्रास कोणता होईल? कोल्हापूर किंवा बेळगावला किती फेऱ्या माराव्या लागतील? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातले काय बसते? गुण येत नसेल तर कधी थांबायचे? वय हा एकच निकष नाही. ऐंशीचे पण रोज रानात जाऊन येणारे आजोबा केमो सोसू शकतात. सत्तरीचे पण दिवसभर अंथरुणाला खिळलेले कदाचित नाही.

केमो नको म्हणजे उपचार बंद, असे नव्हे. हाड दुखत असेल तर अनेकदा रेडिएशनच्या एकाच बैठकीने आराम पडतो. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही. त्याला झोप लागते, चार घास जातात. मात्र पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

"बाबांना सांगू नका, ते खचतील," अशी विनंती मुले डॉक्टरांना करतात. त्यामागे माया असते. पण इंजेक्शने घेणाऱ्या माणसाला बरेचसे कळलेले असते. न बोलल्याने तो एकटा पडतो. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" एवढे विचारून सुरुवात करता येते. शेवटच्या काळात कृत्रिम उपचार नको असतील, तर तसे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही.

नातीचे लग्न पाहायचे म्हणून कुणी केमो घेईल. कुणी म्हणेल, आता घरीच राहू द्या. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. फक्त ते वडिलांचे असावेत.