पोरांचा प्रवेश आणि मोबाइलवरचा फळा



तोडणीच्या तारखेबद्दल पारावर कोणी काहीही सांगो, शेतकी ऑफिसच्या फळ्यावर पाहिल्याशिवाय आपण उसाला कोयता लावीत नाही. पोरांच्या कॉलेजबाबत मात्र गाफील राहतो. "बाबा, फॉर्मची तारीख वाढली म्हणते!" एवढ्यावर भागते. कोण म्हणते, हे आपण विचारीतच नाही.

शिरपूर जैनचा भाग संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतो. १ मे १९८३ रोजी सुरू झालेल्या या विद्यापीठाकडे वाशीमसह पाच जिल्हे आहेत. चौकशीला अमरावती गाठायची तर एस.टी.त अख्खा दिवस मोडतो. म्हणून पोरे फेसबुकवर पाहतात. फेसबुकही २००४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच निघाले होते. सर्वांना खुले झाले २००६ मध्ये.

पण विद्यापीठाचे नाव लावून पान कोणीही काढू शकतो. मग खरे कसे ओळखावे? आधी विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडावे. त्याचा पत्ता 'एसी डॉट इन'वर संपतो. ही अक्षरे शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहेत. बऱ्याच संस्था मुखपृष्ठावर फेसबुक, यूट्यूबच्या खुणा देतात. तिथूनच पुढे जावे. तारीख आणि फी मात्र परिपत्रकातच पाहावी.

महाविद्यालयांनाही विनंती, की खुणा लावल्या तर पान चालते ठेवावे. जुन्या गॅदरिंगचे फोटो पाहून कोणाचा फॉर्म भरला जात नाही.

हा अंक घरच्या पोरापोरींना जरूर वाचायला द्यावा. उसाला खोडवा असतो, पोराच्या बुडालेल्या वर्षाला नसतो.