तळाला दगड, गळाला काय?

एरंडोलजवळच्या अंजनी प्रकल्पावर किंवा खानदेशातल्या कुठल्याही धरणावर गळ टाकायला माणूस बसतो कुठे? बहुतेक वेळा पिचिंगवर. आपल्याकडची बरीचशी धरणे मातीची. लाटांनी भराव धुपू नये म्हणून पाण्याच्या बाजूला दगड रचलेले असतात. बसायला जागा झकास, पण गळासाठी तिच्याइतकी वाईट जागा नाही. प्रत्येक दोन दगडांमध्ये एक फट, आणि तंगूसाच्या टोकाचे शिसे नेमके तिथेच जाऊन बसते.

पिचिंग संपले तरी सुटका नाही. तळाचा काळा खडक म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आकसला आणि त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या. पुढे त्या भेगांतून पाणी मुरले, कोपरे झिजले आणि गोल धोंडे सुटे झाले. जलाशयात बुडालेल्या जुन्या काळ्या शेतांवर गाळ आहे. तिथे वजन रुतते, पण ओढले की निघते. खडकात मात्र ते पाचरीसारखे बसते. ओढाल तितके घट्ट.

अशा तळासाठी वजन निवडताना पहिला प्रश्न किती ग्रॅम हा नसून किती जाड हा असायला हवा, असे माझे मत आहे. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढे तिचे वजन पाण्यात कमी भरते. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट. म्हणून हवेतले 10 ग्रॅम शिसे पाण्यात 9.1 ग्रॅम भरते. लोखंडाचा 10 ग्रॅमचा नट 8.7 ग्रॅम भरतो. आपल्या काळ्या दगडाची घनता साधारण 2.9, त्याचे 10 ग्रॅम पाण्यात जेमतेम साडेसहा उरतात. दगडाकडून शिशाइतकेच काम हवे असेल, तर 14 ग्रॅमचा खडा घ्यावा लागतो.

आता जाडी बघा. तेवढ्याच कामाची शिशाची गोळी 12 मिलिमीटर व्यासाची, दगडाची 21 मिलिमीटरची. अमेरिकेत बास माशामागे लागलेले हौशी लोक टंगस्टनची वजने वापरतात. त्याची घनता 19.3, त्यामुळे तीच गोळी 10 मिलिमीटरमध्ये बसते. टंगस्टनचे गुण खरे आहेत. ते लहान म्हणून दूर फेकले जाते आणि शिशापेक्षा कितीतरी कठीण म्हणून दगडाला लागल्याचा टणका बोटांपर्यंत येतो. शिसे मऊ असल्यामुळे तो धक्का स्वतःच पिऊन टाकते. पण दीड सेंटिमीटरच्या भेगेत टंगस्टन सहज उतरते, शिसेही उतरते. दगड मात्र वरच राहतो. इथे जाडपणा कामी येतो. तीन सेंटिमीटरची फट असेल तर दगडही जाईल, हे कबूल. पण तो गेला तर गेले काय?

नदीवर हे गणित बदलते. गिरणेला पाणी सोडलेले असताना प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर वजनावरचा रेटा चौपट होतो, आणि जाड वस्तूवर तो आणखी जास्त. वाहत्या पाण्यात दगड गडगडत जाईल. तिथे लोखंडाचा चपटा तुकडा बरा. धरणाच्या संथ पाण्यात मात्र तळाला टेकण्यापुरते वजन पुरते. दुपारच्या वाऱ्याने तंगूसाला बाक येतो म्हणून लोक वजन वाढवत नेतात. त्यापेक्षा काठीचे टोक पाण्याजवळ धरावे.

शिशाबद्दलची माझी तक्रार मात्र अडकण्यापुरती नाही. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, आणि शिशाची गोळी व खडा यांतला फरक त्यांना कळत नाही. पोटातल्या दळणात आणि आम्लात ती विरघळते आणि विष रक्तात जाते. ब्रिटनमध्ये हंस असे मरू लागले, तेव्हा 1987 मध्ये 0.06 ते 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात तो आपला हतनूर जलाशयही जळगाव जिल्ह्यातच आहे. शिवाय शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही. जाळ्याच्या गोळ्या घरी ओतणाऱ्यांनी निदान लेकरांना तिथून लांब ठेवावे. मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

दगड बांधायचा कसा? गुळगुळीत गोटा दोऱ्यातून निसटतो. काठावर हिंडून छिद्रांचा दगड शोधा. लाव्ह्याच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे कोंडून राहिले, त्यांची ही छिद्रे. त्यांत दोरा छान धरतो. फक्त छिद्रांमुळे दगड हलका होतो, म्हणून थोडा मोठा घ्यावा. गळ मुख्य तंगूसाला राहू द्या. दगड त्याच्या खाली वेगळ्या दोऱ्यावर टांगा. मुख्य तंगूस पाच किलोचा ताण सोसणारा असेल, तर हा दोरा दोन किलोला तुटणारा असावा, आणि नायलॉनचा नको, साधा सुती. दगड अडकला तर दोरा तुटतो. गळ आणि नशिबात असेल तर मरळ, दोन्ही हातात येतात. तळाशी राहतो तो तिथलाच दगड आणि कुजून जाणारा वीतभर दोरा.

एवढे करण्याआधी जलाशयाचा मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून घ्या. आणि जमले तर मे महिन्यात, पाणी उतरल्यावर, एक चक्कर मारा. पावसाळ्यानंतर जिथे गळ टाकायचा, त्या भेगा तेव्हा उघड्या पडलेल्या असतात. पट्टी लावून मोजता येतात.