साल्हेरची चढण

सुरतेजवळचे इच्छापोर हे तापीच्या मुखाकडील सपाट प्रदेशातील गाव. तेथे दृष्टीला डोंगर अडवीत नाही. त्या मुलखातील माणसाला डोंगर चढण्याची हौस वाटली, तर त्याने आग्नेयेस डांगचे अरण्य ओलांडून बागलाणात यावे. तेथे १५६७ मीटर उंचीचा साल्हेर उभा आहे. महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल उंच असे हे शिखर; किल्ल्यांत तर उंचीने पहिलेच.

सुरतेशी या गडाचे नाते जुने आहे. १६७० मध्ये शिवाजीमहाराज दुसऱ्यांदा सुरतेवर चालून गेले व बागलाणमार्गे परतले. पुढे १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. मोगलांनी त्याला वेढा घातला, तेव्हा १६७२ मध्ये प्रतापराव गुजर व मोरोपंत पिंगळे यांनी गडाच्या पायथ्याशी उघड्या मैदानात त्यांचा पराभव केला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरचा समावेश आहे.

हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा का दिसतो? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. कठीण थरांचे उभे कडे झाले. मधले मऊ थर झिजून उतार व सपाट्या झाल्या. कड्यांच्या भेगांतून पावसाचे पाणी शिरते, धोंडे सुटतात आणि उतारावर घसारा साचतो. म्हणून भक्कम दिसणारा प्रत्येक दगड भक्कम असतोच असे नाही. हातापायांपैकी तिहींचा आधार पक्का झाल्यावाचून चौथा उचलू नये, हा प्रस्तरारोहणाचा मूलभूत नियम येथे पाळावा.

साल्हेरवाडीकडून किंवा साल्हेर व सालोटा यांमधील खिंडीतून वर जाता येते. दोरीची गरज नसली, तरी कातळात खोदलेल्या पायऱ्या काही ठिकाणी झिजल्या आहेत. पावसाळ्यात त्या शेवाळतात आणि धुक्यात वाट हरवते. उन्हाळ्यात कातळ तापतो. हिवाळा सर्वांत सोयीचा. पाणी बरोबर घ्यावे, गावातील वाटाड्या घ्यावा, आणि माथ्यावर परशुरामाचे दर्शन घेऊन दिवस बराच शिल्लक असतानाच उतरू लागावे. चढताना दम लागतो व माणूस आपसूक थांबतो. उतरताना मात्र पाय थकलेले असतात आणि मनाला घाई झालेली असते. तोल बहुधा तेव्हाच जातो. शिखर गाठणे ही अर्धीच चढाई. सुखरूप पायथ्याशी पोहोचल्यावरच ती पुरी होते.