पिल्लाचे दात आणि आपले समज

दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरी आलं की आठवडाभरात रडगाणं सुरू होतं: हात धरतं, पायजम्याला लटकतं, चार्जरची वायर कुरतडतं. मग शेजारपाजारचे सल्ले येतात. त्यांतले काही निरुपयोगी असतात, काही चक्क घातक.

‘हे जातीनंच चावरं निघालं’ हा पहिला शेरा. पिल्लू प्रत्येक वस्तू तोंडानंच तपासून बघतं, त्यात रागाचा भाग नसतो. शिवाय तिसऱ्या आठवड्यापासून उगवलेले सुईसारखे २८ दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला किंवा खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. बरेच दात पिल्लू गिळूनही टाकतं. पक्का सुळा आल्यावरही दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा असेल तर मात्र पशुवैद्याला दाखवा. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे बरंच दिसतं.

दात किती जोरात लावायचा, हे पिल्लू भावंडांत शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. तरी महिन्याभराची पिल्लं विकणारे भेटतातच. असं पिल्लू घेतलंत तर भावंडांची शिकवणी तुमच्या गळ्यात पडते.

‘नाकावर एक चापट द्या, सुतासारखं सरळ होईल.’ सर्वांत जास्त नुकसान हा सल्ला करतो. पिल्लाला हाताची भीती बसते, किंवा हात हेच खेळणं वाटू लागतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली वर्तनाच्या तक्रारींसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांचे उपाय विचारले. मारणं, लाथ घालणं, अंगावर ओरडणं यांमुळे अनेक कुत्री उलट अंगावर आली होती. त्यापेक्षा दात लागताच हात स्थिर ठेवा. झटकन ओढलात तर पिल्लू त्याच्यामागे धावणारच. मग उठा, पाठ फिरवा, अर्धा मिनिट बघूही नका. परत आल्यावर हातात दोरीचं किंवा रबरी खेळणं असू द्या. ते चावलं की शाबासकी. हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा; आजोबा हातानंच मस्ती करणार आणि नातू त्याबद्दल ओरडणार, तर पिल्लानं शिकायचं काय?

संध्याकाळी अचानक वेड्यासारखं धावून घोट्यांना चावणाऱ्या पिल्लाला ‘अजून दमवा’ म्हणतात. बहुधा ते आधीच दमलेलं असतं. या वयात दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. शांत कोपऱ्यात अंथरुणावर नेऊन ठेवा, पाच मिनिटांत घोरू लागेल.

चप्पल फाडल्यावर ‘त्याला कळतंय, बघा कसं तोंड लपवतंय’ हेही ठरलेलं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासलं. निष्पाप कुत्र्याला रागावलं तरी तो तसाच ‘अपराधी’ दिसला. ते तोंड आपल्या आवाजाला घाबरून होतं. तासाभरापूर्वीच्या चपलेचा त्याच्याशी संबंध नसतो, म्हणून उशिरा रागावणं फुकट जातं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी आणि नवी कोल्हापुरी यांतला फरक फक्त आपल्याला कळतो. त्याऐवजी भिजवून पिळलेलं, गोठवलेलं सुती फडकं द्या, हिरड्यांना बरं वाटतं. ते देताना समोर बसा. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांचे तुकडे आतड्याला भोक पाडू शकतात.

‘कॅल्शियम कमी पडतंय म्हणून चावतं’ असं ठरवून परस्पर सिरप पाजणारेही पुष्कळ. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं हाडांची वाढ बिघडू शकते. मांस खाऊन कुत्रा चावरा होतो, यात तर काहीच तथ्य नाही.

शेवटचा समज जिवावर बेतणारा आहे: ‘एवढंसं पिल्लू, त्याच्या दातानं काय होतंय!’ लस न झालेल्या पिल्लाकडूनही रेबीज होऊ शकतो, आणि पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते. दात लागून रक्त आलं नाही, नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस गेले. लस आता दंडात, चार-पाच खेपांत देतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, त्यामुळे ‘बघू उद्या’ म्हणू नका.